सगळी मतं एकालाच देता येत होती तेव्हा: भायखळा-परळ मतदारसंघाची गोष्ट

1937 साली मुंबई प्रांताच्या विधानसभेची निवडणूक झाली. 'मुंबई शहर (भायखळा आणि परळ)' या मतदारसंघात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना 13,245 मतं पडली आणि काँग्रेसचे उमेदवार पालवणकर बाळू यांना 11,225. फरक 2,020 मतांचा. हे आकडे चरित्रांतून, लेखांतून पुष्कळदा येतात आणि आपण ते आजच्या सवयीने वाचतो: तेरा हजार दोनशे पंचेचाळीस माणसं रांगेत उभी राहिली आणि प्रत्येकाने बाबासाहेबांना एकेक मत दिलं.

तसं झालेलं नाही. त्या मतदारसंघात एका मतदाराला एकापेक्षा जास्त मतं होती, आणि वाटलं तर ती सगळी एकाच उमेदवाराच्या पारड्यात टाकता येत होती. म्हणजे 13,245 ही मतांची संख्या आहे, माणसांची नाही. या एका नियमाकडे लक्ष गेलं की हा मतदारसंघ आणि पुढे 1952 मध्ये बाबासाहेबांचा झालेला पराभव, दोन्हींकडे वेगळ्या नजरेने पाहावं लागतं. म्हणून हा मतदारसंघ नीट उलगडून पाहू.

आधी जागा. भायखळा म्हणजे महापालिकेचा ई वॉर्ड आणि परळ म्हणजे एफ. आजही ई विभागाचं कार्यालय भायखळ्याला आणि एफ दक्षिणचं परळला आहे. भायखळा, माझगाव, नागपाडा, मदनपुरा इकडे. लालबाग, परळ, शिवडी, नायगाव तिकडे. गिरण्या, गोदी, रेल्वेचे कारखाने आणि त्यांत राबणाऱ्या माणसांच्या चाळी. कोकणातून, घाटावरून आलेला माणूस इथे दहा बाय दहाच्या खोलीत पाच-सात जणांबरोबर राहायचा. परळच्या पोयबावडीला इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने बांधलेल्या बीआयटी चाळी आहेत. त्यांतल्या एका चाळीत दोन खोल्यांमध्ये आंबेडकरांनी 1912 ते 1934 अशी बावीस वर्षं काढली. बहिष्कृत हितकारिणी सभा 1924 साली स्थापन झाली, तिचं ऑफिस परळच्या दामोदर हॉलमध्ये होतं. 1934 नंतर ते दादरच्या राजगृहात राहायला गेले, पण 1937 साली मतं मागायला ते ज्या जिन्यांवरून चढले असतील ते जिने त्यांच्या पायाखालचे होते.

एका गल्लीत चार मतदारसंघ

आज एका इमारतीत राहणारे सगळे एकाच मतदारसंघात मोडतात. 1937 मध्ये तसं नव्हतं. 1935 च्या कायद्याने मुंबई विधानसभेला 175 जागा दिल्या, पण त्या नुसत्या भूभागाप्रमाणे वाटल्या नव्हत्या. 114 जागा 'सर्वसाधारण', 29 मुसलमानांच्या, 3 युरोपियनांच्या, 3 हिंदी ख्रिस्ती लोकांच्या, 2 अँग्लो-इंडियनांच्या. व्यापार-उद्योगासाठी 7, कामगारांसाठी 7, जमीनदारांसाठी 2, विद्यापीठासाठी 1, मागास प्रदेशांसाठी 1, आणि बायकांसाठी 6. सर्वसाधारण 114 पैकी 15 अनुसूचित जातींसाठी राखीव होत्या आणि 7 मराठ्यांसाठी.

याचा अर्थ जमिनीवर काय होतो ते भायखळ्यात दिसतं. मदनपुऱ्यातला मुसलमान विणकर आणि त्याच्या समोरच्या चाळीतला मराठा जॉबर (गिरणीतला मुकादम) एकाच नळावर पाणी भरत असले, तरी त्यांची मतदारयादी वेगळी, उमेदवार वेगळे, पेटी वेगळी. विणकराच्या मताशी 'भायखळा आणि परळ'च्या सर्वसाधारण जागांचा काही संबंध नव्हता. गिरणीमालक सर्वसाधारण यादीत मत देई आणि शिवाय त्याच्या संघाला व्यापार-उद्योगाच्या खात्यातून स्वतंत्र प्रतिनिधी मिळे. त्यामुळे मतदारसंघाच्या नावात 'भायखळा आणि परळ' असलं, तरी तो तिथल्या सगळ्यांचा नव्हता.

आणि यादीत असणं हीच मुळात मोठी गोष्ट होती. सगळ्या ब्रिटिश हिंदुस्थानात 1937 ला सुमारे 3 कोटी लोकांना मताचा हक्क होता. मालमत्ता, ठरावीक रकमेच्या वरचं घरभाडं, भरलेला कर, मॅट्रिकसारखं शिक्षण, यांपैकी काहीतरी लागे. बायकांना थोड्या वेगळ्या अटींवर मत मिळे, पण त्यांची संख्या पुरुषांच्या मानाने फारच कमी. एका खोलीत दहा गडी राहत असतील तर भाडेपावती एकाच्या नावावर. यादीत नाव आलं तर त्याचं. बाकीचे नऊ जण सभेला जाऊ शकत, मिरवणुकीत घोषणा देऊ शकत, पण मत देऊ शकत नसत. गिरणगावातल्या त्या वेळच्या सभांची गर्दी आणि मतांचे आकडे यांचा मेळ लागत नाही, त्याचं हे मोठं कारण आहे.

राखीव जागा आणि आधीची फेरी

आता गुंता वाढतो. या मतदारसंघातून एकाहून जास्त प्रतिनिधी निवडायचे होते आणि त्यांतली एक जागा अनुसूचित जातींसाठी राखीव होती. ही रचना आली 1932 च्या पुणे करारातून.

ऑगस्ट 1932 मध्ये ब्रिटिश सरकारने जातीय निवाडा जाहीर केला, त्यात अस्पृश्य वर्गाला स्वतंत्र मतदारसंघ दिले होते. म्हणजे त्यांच्या प्रतिनिधीला फक्त तेच मत देणार. गांधीजींनी येरवड्याच्या तुरुंगात त्याविरुद्ध उपोषण सुरू केलं आणि 24 सप्टेंबरला करार झाला. स्वतंत्र मतदारसंघ गेले. त्याऐवजी प्रांतिक कायदेमंडळांतल्या राखीव जागा 71 वरून 148 झाल्या, पण प्रतिनिधी निवडणार सगळे हिंदू मतदार मिळून.

यात आंबेडकरांच्या बाजूने एक अट घातली गेली, ती प्राथमिक फेरीची. राखीव जागेसाठी आधी फक्त अस्पृश्य मतदारांनी मत द्यायचं आणि चार जणांची निवड करायची. मग अंतिम निवडणुकीत या चौघांतला कोणता ते सगळ्यांनी मिळून ठरवायचं. ही व्यवस्था दहा वर्षांसाठी होती.

बघायला गेलं तर अट चांगली आहे, पण तिच्यात एक भगदाड होतं. पहिल्या फेरीत कोण पहिला आला आणि कोण चौथा, याला दुसऱ्या फेरीत काही किंमत नव्हती. आपल्या माणसांनी ज्याला भरभरून मतं दिली तो आणि ज्याला जेमतेम चौथा ढकलला तो, दोघे सारखेच. आणि दुसऱ्या फेरीत यादीवर बहुसंख्य मतदार सवर्ण. त्यांनी चौथ्याला उचललं की तोच 'अस्पृश्यांचा प्रतिनिधी'.

मतं एकवटण्याचा हिशेब

मग 1937 मध्ये आंबेडकर निवडून आले कसे? लोकप्रियता, चळवळ, पक्षाची बांधणी हे सगळं होतंच. पण मुंबई प्रांतात मत देण्याची जी पद्धत ठरली तिचाही यात वाटा आहे, आणि तिच्याबद्दल फारसं बोललं जात नाही.

जितक्या जागा तितकी मतं, आणि ती हवी तशी वाटायची मुभा, ही ती पद्धत. तीन मतं असतील तर तिघांना एकेक द्या, एकाला दोन आणि दुसऱ्याला एक द्या, नाहीतर तिन्ही एकालाच द्या. दुसऱ्या काही प्रांतांत उलटा नियम होता: मतं कितीही असोत, एका उमेदवाराला एकापेक्षा जास्त देता येणार नाही.

एक हिशेब करून पाहू. आकडे मी समजण्यापुरते घेतलेत. समजा, मतदार 1,000, जागा तीन, त्यातली एक राखीव. 280 मतदारांना राखीव जागेवर 'अ' हवा आहे. उरलेले 720 मतदार एका मोठ्या पक्षाचे आहेत. त्या पक्षाने तिन्ही जागांवर माणसं उभी केलीत, राखीव जागेवर 'ब'.

एकवट पद्धतीत 280 जणांनी तिन्ही मतं 'अ'ला दिली: 840. मोठ्या पक्षाकडे एकूण 2,160 मतं आहेत, पण त्याला ती तीन उमेदवारांत वाटायची आहेत: प्रत्येकी 720. 'अ' निवडून आला. पक्षाने ठरवलं की काहीही करून 'अ'ला पाडायचं, तर 'ब'कडे जास्त मतं वळवावी लागतील आणि तेवढी त्याच्या इतर दोन उमेदवारांची कमी होतील. पाडण्याची किंमत मोजावी लागते.

आता हेच मतदार दुसऱ्या नियमाखाली. 'अ'ला जास्तीत जास्त 280 मतं मिळू शकतात. 'ब'ला 720, शिवाय पक्षाच्या बाकी दोघांनाही 720. 'अ'ला पाडायला मोठ्या पक्षाला काहीच खर्च आला नाही. आणि 'अ'च्या 280 लोकांची उरलेली दोन-दोन मतं? ती एकतर दुसऱ्या कुणाला तरी द्यायची, नाहीतर वाया घालवायची.

माणसं तीच, त्यांची पसंती तीच, निकाल उलटा. अल्पसंख्य पण एकजूट असलेल्या मतदारांना पहिला नियम तारतो, दुसरा बुडवतो. पुणे कराराने राखीव जागा दिली. त्या जागेवर आपल्या पसंतीचा माणूस बसवण्याची थोडी तरी ताकद मुंबईत दिली ती या एकवट मतांनी, असं माझं मत आहे.

समोर कोण होतं

काँग्रेसने उभा केलेला उमेदवार कुणी ऐरागैरा नव्हता, हे इथे मुद्दाम सांगायला हवं. पालवणकर बाळू हे आपल्या देशातल्या पहिल्या मोठ्या क्रिकेटपटूंपैकी एक. 1876 सालचा जन्म, चर्मकार कुटुंबात. पुण्यात पारशांच्या क्रिकेट मैदानावर झाडलोट करायची, खेळपट्टीवर रोलर फिरवायचा, महिना तीन रुपये. नंतर पूना क्लबच्या मैदानावर इंग्रज साहेबांना सरावासाठी चेंडू टाकता टाकता डावखुऱ्या फिरकीवर हुकमत आली. पुण्याच्या हिंदू संघाने त्यांना खेळायला घेतलं. पण चहाच्या वेळी बाकीच्यांना पॅव्हेलियनमध्ये चिनी मातीच्या कपात चहा मिळे आणि त्यांना बाहेर, टाकून द्यायच्या मातीच्या भांड्यात. मैदानावर त्याच हातातला चेंडू सगळ्यांना चाले. 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभरावर बळी घेतले. त्यांचे धाकटे भाऊ विठ्ठल पुढे 1923 मध्ये हिंदू संघाचे कर्णधार झाले.

बाळू हे पुणे करारावर सह्या करणाऱ्यांपैकी एक. स्वतंत्र मतदारसंघाच्या प्रश्नावर त्यांची भूमिका आंबेडकरांपेक्षा वेगळी होती. निवडणुकीचा अनुभवही होता: 1933 मध्ये ते मुंबई महापालिकेला उभे राहिले आणि हरले. 1937 ला ते साठीचे होते, आंबेडकर पंचेचाळीसचे. ज्याला गिरणगावातली पोरंसोरंसुद्धा ओळखत असा माणूस, आणि पाठीशी काँग्रेस. 2,020 मतांचा फरक हा काही सहज मिळालेला विजय नाही. आणि मघाचा हिशेब लक्षात घेतला तर या फरकामागे हजारापेक्षाही कमी मतदार असू शकतात.

मिळालेल्या जागेचं काय केलं

आंबेडकरांनी या निवडणुकीसाठी ऑगस्ट 1936 मध्ये स्वतंत्र मजूर पक्ष काढला होता. नावात जात नाही, मजूर आहे. परळमध्ये उभं राहायचं तर हेच नाव शोभून दिसतं. पक्षाने थोड्याच जागा लढवल्या आणि त्यांतल्या बहुतेक जिंकल्या. काँग्रेस सर्वांत मोठा पक्ष ठरला, बाळासाहेब खेर मुंबई प्रांताचे पंतप्रधान झाले (तेव्हा प्रांताच्या प्रमुखालाही पंतप्रधानच म्हणत) आणि आंबेडकर विरोधी बाकांवर बसले.

17 सप्टेंबर 1937 ला त्यांनी कोकणातली खोती, म्हणजे गावाचा सारा वसूल करणाऱ्या खोतांची वतनदारी, नष्ट करण्याचं विधेयक मांडलं. शहरी मतदारसंघाचा आमदार आणि विधेयक रत्नागिरी-कुलाब्याच्या खोतांविरुद्ध? पण परळच्या खोलीत राहणाऱ्या माणसाचं अर्धं घर गावी होतं. त्याचा बाप तिकडे खोताची वेठ करत होता आणि मनीऑर्डरीतले पैसे खोताच्या घरात जात होते. जानेवारी 1938 मध्ये कोकणातले हजारो शेतकरी मुंबईत मोर्चाने आले. विधेयक त्या वेळी पास झालं नाही. खोती रद्द करणारा कायदा आला तो 1949 चा.

दुसरी लढाई थेट मतदारसंघाच्या दारातली. 1938 मध्ये सरकारने औद्योगिक कलहांचं विधेयक आणलं. त्याने ठरावीक परिस्थितीत संप करणं बेकायदा आणि शिक्षेला पात्र ठरत होतं. आंबेडकरांनी सभागृहात त्याला कडाडून विरोध केला. संपाचा हक्क म्हणजे स्वातंत्र्याच्या हक्काचंच दुसरं नाव, अशी त्यांची मांडणी होती. 7 नोव्हेंबर 1938 ला स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट यांनी मिळून एक दिवसाचा संप केला. एरवी एकमेकांवर तुटून पडणारे दोन लाल-निळे प्रवाह त्या दिवशी परळच्या कामगार मैदानावर एका व्यासपीठावर आले.

1939 च्या नोव्हेंबरात खेर मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि प्रांताचा कारभार गव्हर्नरच्या हाती गेला. जुलै 1942 मध्ये आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य म्हणून दिल्लीला गेले.

1946: पहिल्या फेरीत पुढे, दुसऱ्या फेरीत शून्य

युद्ध संपल्यावर पुन्हा निवडणूक झाली तेव्हा वारं पूर्ण बदललं होतं. काँग्रेसचे पुढारी तुरुंगातून सुटून आलेले, स्वातंत्र्य दारात उभं. मुंबई प्रांतात काँग्रेसने 175 पैकी 125 जागा जिंकल्या. स्वतंत्र मजूर पक्षाच्या जागी आलेल्या शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनला या प्रांतात एकही जागा मिळाली नाही.

सत्तांतराच्या वाटाघाटींसाठी ब्रिटनहून आलेल्या कॅबिनेट मिशनपुढे आंबेडकरांनी मांडलेली तक्रार मुख्यतः प्राथमिक फेऱ्यांवर उभी होती. जिथे फक्त अनुसूचित जातींचे मतदार होते तिथे फेडरेशनचे उमेदवार पुढे, आणि जिथे सगळे होते तिथे तेच मागे. मघाच्या भगदाडाने त्या वर्षी सगळं गिळलं. एकवट मतं याही वेळी होती, पण समोरची लाट एवढी मोठी की तीन ठिकाणी वाटूनही तिची पातळी वरच राहिली. नियम मदत करतो, चमत्कार करत नाही.

याच 1946 च्या विधानसभेने पुढे आंबेडकरांना संविधान सभेत पाठवलं. ते आधी बंगालमधून निवडून गेले होते. फाळणीने ती जागा गेली. डॉ. जयकरांच्या रिकाम्या जागेवर जुलै 1947 मध्ये मुंबईच्या काँग्रेसबहुल विधानसभेने त्यांना निवडलं.

मग नियमच बदलला

प्रजासत्ताक आलं, प्रौढ मताधिकार आला, धर्माप्रमाणे याद्या गेल्या. मदनपुऱ्याचा विणकर आणि समोरचा जॉबर आता एका यादीत आले, खोलीतल्या दहाही जणांना मत मिळालं. 'मुंबई शहर (भायखळा आणि परळ)' हा मतदारसंघ कागदावरून पुसला गेला. यात हळहळण्यासारखं काही नाही.

पण त्याच्याबरोबर एकवट मतंही गेली. राखीव जागा दोन सदस्यांच्या मतदारसंघात ठेवल्या होत्या आणि 1951 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या 63 व्या कलमाने सांगितलं: जागा दोन तर मतं दोन, पण एका उमेदवाराला एकच. मतदाराच्या हातात दोन मतपत्रिका, समोर प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी. दोन्ही पत्रिका एकाच पेटीत टाकल्या तर एकच धरायची, दुसरी बाद.

1952 च्या लोकसभेला आंबेडकर उत्तर मुंबई शहराच्या दोन सदस्यांच्या मतदारसंघातून राखीव जागेसाठी उभे राहिले. सर्वसाधारण जागेवर त्यांचे जोडीदार समाजवादी पक्षाचे अशोक मेहता. समोर काँग्रेसचे नारायण काजरोळकर आणि विठ्ठल बाळकृष्ण गांधी. शिवाय कम्युनिस्ट पुढारी कॉम्रेड डांगेही रिंगणात. काजरोळकरांना 1,38,137 मतं मिळाली, आंबेडकरांना 1,23,576. संविधानाच्या मसुदा समितीचा अध्यक्ष पहिल्याच लोकसभेच्या निवडणुकीत हरला.

या मतदारसंघात 70 हजारांहून अधिक मतं बाद झाली होती. लोकांना दुसरं मत वाया घालवायला सांगण्यात आलं, असा आक्षेप घेऊन आंबेडकर आणि मेहता यांनी निकालाविरुद्ध निवडणूक याचिका दाखल केली. ती फेटाळली गेली. जुना नियम असता तर ते जिंकले असते, असं कुणी छातीठोकपणे म्हणू नये. मतदारसंघ कितीतरी मोठा होता, काँग्रेस स्वातंत्र्याच्या पुण्याईवर उभी होती आणि 1938 ला ज्यांच्याबरोबर संप केला ते कम्युनिस्ट आता विरोधात होते. पण पंधरा वर्षांपूर्वी ज्या चाळींतल्या माणसांनी आपली सगळी मतं त्यांच्या ओंजळीत टाकली असतील, त्याच माणसांना आता एक मत त्यांना देऊन दुसऱ्याचं करायचं काय, हा प्रश्न पडला, एवढं नक्की.

दोन सदस्यांचे मतदारसंघ 1961 च्या कायद्याने बंद झाले. त्यापूर्वी, 1954 मध्ये, आंबेडकर याच नियमाला पुन्हा एकदा सामोरे गेले. भंडाऱ्याची पोटनिवडणूक होती, पुन्हा दोन जागा, पुन्हा सोबत अशोक मेहता. आपल्या लोकांनी दुसरं मत कुणालाच देऊ नये, म्हणजे तुमचं पारडं जड होईल, असं कार्यकर्त्यांनी सुचवलं होतं; पण संविधानाने दिलेलं मत वाया घालवायला सांगणं त्यांना मान्य झालं नाही, असं त्यांचे चरित्रकार लिहितात. भंडाऱ्यातून मेहता निवडून आले. आंबेडकर काही हजार मतांनी पडले.